एक्स्प्लेनर : ५१ टनांचा सेंच्युरियन २२ सेंटीमीटरमध्ये कसा मावतो?

दोन महिने खपून मी सेंच्युरियन रणगाड्याचं मॉडेल पूर्ण केलं आणि आमच्या इमारतीतल्या काकांना दाखवायला नेलं. काका रणगाडा दलातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले, नोकरीची बरीच वर्षं 'विजयंता'वर ड्रायव्हर. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, ही गाडी लढाईतली आहे की भंगारातली?"

व्हिडिओ बघून मी त्यावर मनसोक्त गंज चढवला होता. फोटोत तो फार देखणा दिसत होता, पण चुकीचा होता. तो का चुकीचा, हे समजून घेताना या छंदाचं सगळं शास्त्र उलगडत गेलं. ते टप्प्याटप्प्याने पाहू.

थोडक्यात
• स्केल मॉडेल म्हणजे खेळणं नव्हे, ती ठरावीक प्रमाणात केलेली प्रतिकृती असते.
• रणगाड्यांसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं प्रमाण १:३५.
• जोडणी, डिटेलिंग, रंग आणि वेदरिंग हे चार टप्पे. सगळ्यात जास्त चुका शेवटच्या टप्प्यात होतात.

हाच रणगाडा का निवडला?

सेंच्युरियन मूळ ब्रिटिश. दुसरं महायुद्ध संपता संपता तो तयार झाला आणि पुढे अनेक देशांच्या सैन्यात गेला. भारतात तो १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत लढला. 'पूना हॉर्स' रेजिमेंटचे दोन परमवीर, १९६५ मधले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मधले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, हे दोघंही सेंच्युरियनमधून लढले.

खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागातल्या बसंतरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली. बाहेर पडण्याचा आदेश आला, पण तोफ अजून चालतेय म्हणून त्यांनी तो मानला नाही. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यातले चार एकट्या खेत्रपाल यांच्या नावावर आहेत. तेव्हा त्यांचं वय होतं २१. त्यांच्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्टा', हे सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव. तो रणगाडा आज नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे.

मला बनवायचा होता तो हा रणगाडा, कुठलातरी सेंच्युरियन नव्हे. एकदा नाव ठरलं की मनाला येईल ते करता येत नाही.

१:३५ म्हणजे नेमकं काय?

खऱ्या रणगाड्याचं प्रत्येक माप ३५ ने भागायचं. सेंच्युरियनचा सांगाडा सुमारे ७.६ मीटर लांब, म्हणजे मॉडेल २२ सेंटीमीटरच्या जवळ. रुंदी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे पावणेदहा सेंटीमीटर. पावणेसहा फुटांचा जवान या जगात पाच सेंटीमीटरचा होतो.

हे विचित्र प्रमाण आलं कुठून? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने जर्मन 'पँथर' रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल आणलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला गेला. नंतर मोजलं तर ते प्रमाण साधारण १:३५ निघालं! मॉडेल खूप खपलं, बाकीच्या कंपन्यांनीही तेच प्रमाण उचललं. इंजिनीअरिंगला आम्हाला शिकवलं होतं की आधी स्पेसिफिकेशन, मग डिझाइन. इथे जगभरातल्या छंदाचं स्टँडर्ड बॅटरीच्या आकारावरून ठरलं.

या प्रमाणाची उलटी बाजू मात्र सतत लक्षात ठेवावी लागते. मॉडेलवरची १ मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या रणगाड्यावरची साडेतीन सेंटीमीटरची चूक. ओल्या गोंदात बोट टेकलं तर ठशाच्या रेषा अर्ध्या मिलिमीटरवर उमटतात. मापात त्या पावणेदोन सेंटीमीटर अंतरावरच्या नांगरटीसारख्या दिसतात. माझ्या पहिल्या टरेटवर अशी नांगरट झाली होती.

डब्यात काय असतं?

पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या चौकटी. त्यांना 'स्प्रू' म्हणतात. कैरीच्या डहाळीला कैऱ्या लगडाव्यात तसे शेकडो भाग त्यांना लगडलेले असतात. भाग ओढून तोडायचा नाही. बारीक कटरने थोडं देठ ठेवून कापायचा, मग ते देठ पॉलिश पेपरने घासून काढायचं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्रत्येक भागावर एक बारीक रेघ असते. चाकांवर आणि तोफेच्या नळीवर ती राहिली तर रंग दिल्यावर उठून दिसते.

चिकटवण्याचं शास्त्र गमतीचं आहे. मॉडेलचा पातळ सिमेंट हा खरं तर गोंद नाहीच, तो द्रावक आहे. तो दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवतो, द्रावक उडून गेला की दोन भागांचा एक तुकडा होतो. वेल्डिंगच म्हणा ना! दोन भाग जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक लावायचं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा सिमेंट केशाकर्षणाने आपोआप आत पळतो. पितळ किंवा रेझिनचा भाग असेल तर हा सिमेंट निरुपयोगी, तिथे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंदच लागतो.

डिटेलिंग म्हणजे काय करायचं?

किटमध्ये नसलेलं किंवा किटने जाडजूड केलेलं जे काही आहे ते सुधारायचं. सेंच्युरियनपुरते चार मुद्दे महत्त्वाचे.

तोफेची नळी : सेंच्युरियनच्या काही आवृत्त्यांवर २० पाउंडर तोफ होती, व्यास ८४ मिमी. पुढच्या आवृत्त्यांवर १०५ मिमीची आली. २० पाउंडरच्या काही नळ्या सरळसोट आहेत, काहींच्या मध्यावर फुगीर भाग आहे. तो फ्यूम एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे गोळा सुटल्यावर उरलेला धूर टरेटमध्ये न येऊ देता तोंडाकडे ओढणारा भाग. १०५ मिमीच्या नळीवर हा फुगवटा एका बाजूला कललेला असतो. त्यामुळे ज्या रणगाड्याचं मॉडेल करायचं त्याचा फोटो समोर ठेवल्याशिवाय नळीला गोंद लावायचा नाही.

टरेटचा पोत : खरा टरेट ओतीव पोलादाचा, म्हणून खरबरीत. किटचं प्लास्टिक बरेचदा गुळगुळीत असतं. पुट्टी सिमेंटमध्ये पातळ करायची आणि जुन्या टूथब्रशने टोचे मारत लावायची. वाळली की हलक्या हाताने घासायची.

बाजूचे पत्रे : सेंच्युरियनच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी पत्रे लटकतात. खरे पत्रे काही मिलिमीटरचे. किटमधला पत्रा १ मिमी जाड असेल तर मापात तो ३५ मिमीचा होतो. म्हणून पत्र्याची कड मागच्या बाजूने घासून पातळ करतात किंवा फोटो-एच पितळ वापरतात. फोटो-एच म्हणजे रसायनाने कोरलेला पत्रा. कॉलेजच्या लॅबमध्ये फेरिक क्लोराइडमध्ये सर्किट बोर्ड बुडवलेला आठवतो? तत्त्व तेच.

घरगुती सामान : खराब झालेल्या चार्जरच्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळल्या की टोइंगचा दोर तयार. उरलेला स्प्रू मेणबत्तीवर तापवून ओढला की केसाएवढा धागा निघतो. तीच अँटेना, आणि सिमेंटने मऊ करून दाबला तर तोच वेल्डिंगचा सांधा. टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवला की ताडपत्री होते.

रंगाचा क्रम का पाळायचा?

कारण प्रत्येक रंगाचा द्रावक वेगळा असतो. वरच्या थराच्या द्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये. साधा नियम असा : तळाला लॅकर प्रायमर, त्यावर लॅकर किंवा ॲक्रिलिक रंग, आणि सगळ्यात वर इनॅमल किंवा ऑइल कलरचे पातळ वॉश. वॉश पुसायला व्हाइट स्पिरिट लागतं, पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकला ते इजा करत नाही. मी घाईत लॅकर थिनर घेतलं आणि मागच्या डेकवरचा हिरवा रंग प्लास्टिकपर्यंत निघून आला. बाटलीवरचं लेबल वाचायला दोन सेकंद लागले असते.

नंबर आणि नावाचे डेकल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा हात द्यावा लागतो. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. डेकल बसले की वरून मॅट वार्निश. पावसाळ्यात मात्र जपून, हवेत दमटपणा असेल तर लॅकर पांढरट पडतं. मुंबई-कोकणातल्यांनी ते काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावं.

रंगछटा ठरवताना आणखी एक सापळा आहे. जतन केलेल्या रणगाड्यांना वेळोवेळी नवा रंग दिला जातो. त्यामुळे आकार, बोल्ट, वेल्डिंग यासाठी प्रत्यक्ष रणगाडा हा पुरावा, पण रंगासाठी त्या काळचे फोटो पाहायचे.

मग गंज का चुकला?

काकांचं उत्तर सोपं होतं. "गाडीत चार जण राहायचे. कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. गाडी चालली तर आम्ही वाचणार. तिला गंज लागू देईल कोण? चिखल म्हणशील तर कितीही लाव. पण ड्रायव्हरच्या पेरिस्कोपची काच पुसलेली दाखव. सगळी गाडी बरबटली तरी ती काच आम्ही बाहीने पुसायचो."

तांत्रिकदृष्ट्याही ते बरोबर आहे. चिलखताच्या जाड पोलादावर चांगला रंग असतो आणि वापरातल्या गाडीची देखभाल रोज होते. गंजाची जागा ठरलेली : न रंगवलेल्या पट्ट्या, सायलेन्सर, घासून उघडा पडलेला कोपरा. पट्ट्यांचा जो भाग जमिनीला घासतो तो तर उलट चकाकतो. तेलाचे ओघळ इंधनाच्या झाकणापाशी. रंग झिजतो तो माणसं चढतात-उतरतात तिथे.

चिखलही मापातच हवा. मी अंगणातली माती चहाच्या गाळणीने चाळून लावली होती. तिच्यातला १ मिमीचा खडा म्हणजे साडेतीन सेंटीमीटरचा दगड! आता खडूची वस्त्रगाळ पूड आणि रंगपूड वापरतो.

गंज उतरवायला दोन रविवार गेले. काच पुसलेली दाखवायला पाच मिनिटं लागली. मॉडेल पाहणाऱ्यांची नजर आता आधी तिथेच जाते.

कोणता क्षण दाखवायचा?

हा प्रश्न तंत्राचा नाही, पण नावाचा रणगाडा बनवणाऱ्या प्रत्येकाला तो सोडवावा लागतो. जळालेला, भोक पडलेला फामागुस्टा बनवता येतो. काजळी आणि तापून विटलेला रंग दाखवणं अवघडही नाही, आणि असं मॉडेल लगेच लक्ष वेधतं. काही जण ते पूर्ण आदराने बनवतातही.

मी ते केलं नाही. ज्या टरेटमध्ये एकवीस वर्षांचा मुलगा गेला, तिथलं भोक ड्रिलने पाडायला माझा हात धजला नाही. माझा फामागुस्टा लढाईच्या आधीचा आहे. पत्र्यांच्या खालच्या कडेला चिखल, कमांडरचं झाकण उघडं, नाव स्पष्ट वाचता येतंय. पुढे काय झालं ते पाहणाऱ्याला सांगावं लागतं, आणि मी ते दर वेळी सांगतो.

सुरुवात करायची असेल तर?

• पहिलं मॉडेल साधं निवडा. १:७२ मध्ये सेंच्युरियन साडेदहा सेंटीमीटरचा होतो, खर्च आणि जागा दोन्ही कमी.
• एअरब्रश लगेच नको. कटर, पॉलिश पेपर, सिमेंट, दोन चांगले ब्रश एवढ्यावर पहिलं किट होतं.
• खिडकी उघडी ठेवा. सिमेंट आणि लॅकरच्या वाफा घातक असतात. स्प्रे करताना रेस्पिरेटर मास्क हवाच, साधा कापडी मास्क त्या वाफा अडवत नाही.
• नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघा. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सेंच्युरियन, विजयंता, शर्मन, पॅटन असे कितीतरी रणगाडे जवळून पाहता येतात.
• आणि ओळखीत कोणी निवृत्त रिसालदार, दफेदार किंवा सवार असतील तर मॉडेल पूर्ण होण्याआधी दाखवा.

दुरुस्त केलेलं मॉडेल घेऊन मी पुन्हा काकांकडे गेलो. त्यांनी पेरिस्कोप पाहिला, मागचा डेक पाहिला, खाली वाकून पट्ट्या पाहिल्या. "हां," म्हणाले, "आता ही चालेल." मग मॉडेल टेबलावर ठेवून त्यांनी त्याची तोफ हलकेच समोर वळवली आणि चहा टाकायला आत गेले.