गंजाला जस्ताचा नैवेद्य

जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि कथलाचा लेप दिलेला तेलाचा डबा शेजारी ठेवा. दोन्हींवर बाहेरून खिळ्याने ओरखडा ओढा आणि पावसात राहू द्या. डब्यावरची रेघ थोड्याच दिवसांत तांबूस होते, बादलीवरची मात्र बराच काळ तशीच राहते. लोखंड तर दोन्हीकडे उघडे पडले होते!

गंज म्हणजे एक सूक्ष्म विद्युतघटच असतो. ओलसर लोखंड इलेक्ट्रॉन गमावत विरघळते आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने त्याचा भुगा होतो. पाण्यात मीठ असले की ही वीज अधिक सहज वाहते. कोकण किनाऱ्यावर गाड्यांचे पत्रे लवकर सडतात ते त्यामुळेच. दोन धातू एकमेकांना चिकटून भिजले, तर इलेक्ट्रॉन सोडण्यात जो सढळ, तो आधी झिजतो. जस्त लोखंडापेक्षा सढळ, कथील कंजूष. म्हणून डब्यात कथलापायी लोखंड झिजते, तर बादलीत लोखंडापायी जस्त.

लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवण्याची कल्पना फ्रेंच रसायनज्ञ मालुआँ यांनी 1742 मध्ये मांडली. 1837 मध्ये फ्रान्समध्येच सोरेल यांनी तिचे पेटंट घेतले. सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या या कुंडात जस्त नुसते चिकटत नाही. लोखंडाशी त्याची मिश्रधातूंची पुटे जमतात. मोटारींच्या दुनियेत पोर्शेने 1970च्या दशकाच्या मध्यावर 911 साठी जस्तलेपित पत्रा वापरला. 1986 मध्ये आलेल्या ऑडी 80ची तर अख्खी बॉडी तशीच होती. मोटारीच्या पत्र्यावर जस्ताचा थर साधारण 7 ते 10 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम सातवा-आठवा भाग असतो.

जस्तावर फॉस्फेटचे बारीक स्फटिक चढवतात. त्यांच्या खरखरीतपणामुळे रंगाला पकड मिळते. मग येते खरी नवलाई. रंगाच्या हौदात अख्खी बॉडी बुडते. हौदात बहुतांश पाणीच असते, त्यात रंगाचे धनभारित कण तरंगत असतात. बॉडीला ऋण टोक जोडून काहीशे व्होल्टचा दाब दिला की कण पत्र्यावर जाऊन बसतात. जिथे थर जमला तिथे विजेची वाट अडते आणि ती पुढच्या कोऱ्या जागेकडे वळते. त्यामुळे ब्रश किंवा फवारा जिथे पोचणार नाही, त्या पोकळ पट्ट्यांच्या आतही रंग आपणहून शिरतो. फोर्डने 1960च्या दशकात ही रीत मोटारींवर आणली. तेव्हा बॉडी धन टोकाला असे. 1970च्या दशकात टोके उलटली आणि गंजरोध आणखी वाढला. भट्टीत भाजून पक्का झालेला हा थर सुमारे 20 मायक्रॉनचा असतो.

मर्यादा मात्र आहेत. जस्ताची राखण ओरखड्याभोवतीच्या काही मिलिमीटरपुरती असते, आणि जस्त संपले की पाळी लोखंडाची येते. त्यातून पाणी कायमचे साचले, तर कोणताच लेप फार काळ पुरत नाही. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके दिसतात ना? हौदातून बाहेर येताना रंग अशाच वाटांनी निथळतो, पुढे पावसाचे पाणीही. भोकात चिखल बसला की दार आतून सडू लागते. पावसाळ्याआधी तिथे एक काडी फिरवली, तर जस्ताचा नैवेद्य बरीच वर्षे पुरतो.