टाक, टपाल आणि मानधन

कुपवाड म्हटलं की एमआयडीसी डोळ्यांसमोर येते: पत्र्याच्या शेड, फाउंड्रीचा धूर, माल भरून निघालेले टेम्पो. 1998 साली सांगली आणि मिरजेबरोबर ते महापालिकेत आलं, तरी गावाची ओळख पगाराच्या तारखेला आणि पाळीच्या भोंग्यालाच बांधलेली राहिली. अशा गावात लेखणी आणि ब्रश यांवर घर चालवणारा माणूस जरा उपराच वाटतो. त्याचे पूर्वज शोधायचे तर पुण्या-मुंबईलाच जावं लागेल, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात माधवनगर, नांद्रे, भिलवडी ही स्टेशनं ओलांडली की पुरतं. किर्लोस्करवाडी येते, आणि या भागातला पहिला मोठा लेखक-व्यंगचित्रकार तिथे एका कारखान्याच्या आवारातच भेटतो.

या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. आजूबाजूला निवडुंगानं भरलेला माळ. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तो लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि 1910 साली तिथे कारखाना उभा राहू लागला. पुढची गोष्ट लोखंडी नांगराची म्हणून सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यातला एक धागा मात्र सहसा सांगितला जात नाही. जमीन देणारा राजा स्वतः चित्रकार होता. जमीन घेणारे लक्ष्मणरावही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंगांधळेपणामुळे त्यांना रंग सोडावे लागले आणि ते यंत्रांकडे वळले. त्यांचे थोरले बंधू, सोलापूरचे डॉक्टर वासुदेवराव यांचे चिरंजीव शंकरराव हेही चित्रकलाच शिकले, जे. जे.मध्ये आणि लाहोरला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली. नांगर विकायला निघालेल्या या कारखान्याच्या मुळाशी तीन चित्रकार होते.

शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे महाराष्ट्राचे ‘शंवाकि’ (जन्म 8 ऑक्टोबर 1891), चित्रकार म्हणून मुंबईत स्टुडिओ थाटू शकले असते. ते काकांच्या कारखान्यात आले आणि जाहिरात व विक्रीचं काम त्यांनी अंगावर घेतलं. काम सोपं नव्हतं. लोखंडाच्या फाळानं जमिनीला विष बाधतं, अशी समजूत तेव्हाच्या शेतकऱ्यांत होती. ती मोडायची तर तक्ते आणि किमतीची यादी पुरेशी नव्हती. चित्र हवं, किस्सा हवा, थोडी थट्टा हवी. त्यातूनच 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याच्या मालाची माहिती एजंट आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारं पत्रक एवढाच सुरुवातीचा हेतू. पण संपादकाच्या हातात टाक होता आणि डोक्यात कारखान्याबाहेरचं बरंच काही.

पाहता पाहता त्या पत्रकाचं मासिक झालं. 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ त्याला येऊन मिळालं. फडके, खांडेकर यांच्यासारख्यांचं लेखन या मासिकांतून घरोघर गेलं. जिथे जेमतेम स्टेशन आणि पोस्ट होतं, अशा माळावरून मराठी मध्यमवर्गाला विवाह, जात, पोशाख, व्यायाम, उद्योग यांविषयी दर महिन्याला टोचलं जात होतं. टोचण्याचं काम शंवाकि लेखांतून करत, तसंच व्यंगचित्रांतूनही. रूढी, बुवाबाजी, शिक्षितांचा पोकळ दिमाख ही त्यांची आवडती गिऱ्हाइकं. त्यांच्या व्यंगचित्रांचा संग्रह ‘टाकांच्या फेकी’ या नावानं आला आणि आत्मचरित्र ‘शंवाकीय’ मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी, 1974 साली.

शंवाकिंना फ्रीलान्सर म्हणता येणार नाही. ते मालकांच्या घरातले, पगाराची भ्रांत नसलेले. पण आजच्या मुक्त लेखक-चित्रकाराचा दिवस ज्या तुकड्यांत वाटलेला असतो, ते सगळे तुकडे त्यांच्या दिवसात होते: गिऱ्हाइकासाठी जाहिरातीचा मजकूर, अंकासाठी लेख, कोपऱ्यासाठी चित्र, लेखकांना आठवणीची पत्रं आणि छापखान्याशी हुज्जत. फरक एवढाच की ही सगळी कामं एका छपराखाली होती आणि वीजबिल नांगर भरत होता. या भागातल्या व्यंगचित्राचा मागोवा घेताना नेमकं हेच पाहायला हवं: चित्रामागे कोणता नांगर आहे? तो ज्याला सापडला नाही त्याचं नाव बहुधा आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही.

त्या काळची रेषा कशी असायची, हेही छापखाना ठरवायचा. चित्राचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, नको तो भाग ॲसिडनं खाऊ द्यायचा, उरलेला उठाव लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. हा झाला लाइन ब्लॉक. त्यात राखाडी नावाची चीजच नव्हती. काळं किंवा पांढरं. सावली दाखवायची तर बारीक रेघा नाहीतर ठिपके, आणि रेघा फार जवळ आल्या की शाई भरून सगळंच काळं. मराठी व्यंगचित्रातल्या स्वच्छ, मोजक्या रेषेचं श्रेय कलावंतांच्या संयमाला देण्याची पद्धत आहे. जस्ताच्या पत्र्यालाही थोडं द्यायला हरकत नाही.

1945 साली ‘मनोहर’मध्ये एका वीस वर्षांच्या मुलाचं व्यंगचित्र छापून आलं. शिवराम दत्तात्रेय फडणीस. जन्म 29 जुलै 1925, गाव भोज, दूधगंगा-वेदगंगेच्या काठचं, बेळगाव जिल्ह्यातलं. शाळा कोल्हापुरात, पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. कुपवाड, कोल्हापूर, भोज, किर्लोस्करवाडी ही सगळी नावं एका दिवसाच्या प्रवासात बसतात. मराठीतल्या सर्वांत दीर्घ आणि सर्वांत यशस्वी मुक्त व्यंगचित्रकारितेची सुरुवात याच टापूत झाली.

फडणीसांचं खरं नाव झालं ते पन्नासच्या दशकाच्या आरंभी, अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ या मासिकांच्या मुखपृष्ठांमुळे. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर तोवर दिवा हातात घेतलेली सुंदरी ठरलेली. तिथे फडणीसांनी एक स्त्री आणि एक पुरुष शेजारी आणून बसवले: तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या शर्टावर मांजरांची. शब्द एकही नाही. वाचक आधी हसला, मग पुन्हा पाहून हसला. राजकारण नाही, कोणाची खोड नाही, प्रसंगाचा तारीखवार संदर्भ नाही. अंतरकरांनी ती जोखीम उचलली, हे संपादकाचं धाडस विसरू नये.

या शब्दविरहित चित्राचं कौतुक कलेच्या अंगानं भरपूर झालं. त्याचं अर्थशास्त्रही तेवढंच पाहण्याजोगं आहे. दैनिकातलं राजकीय व्यंगचित्र संध्याकाळपर्यंत शिळं होतं. मंत्री बदलला की ते समजावून सांगावं लागतं. उंदीर-मांजर सत्तर वर्षांनीही तसंच. आणि मथळाच नसल्यामुळे त्याला भाषेची हद्द राहत नाही. एकदा काढलेलं चित्र मुखपृष्ठावर येतं, मग पुस्तकात, मग ‘हसरी गॅलरी’ म्हणून भिंतीवर, मग ‘चित्रहास’सारख्या कार्यक्रमात रंगमंचावर. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत लोक रांगा लावून व्यंगचित्रं पाहायला आले, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. मुक्त कलावंताला महिन्याचा पगार नसतो. त्याच्याकडे असतो तो जुन्या कामाचा साठा. तो पुन्हा पुन्हा कमावता कसा ठेवायचा, हे मराठीत फडणीसांइतकं कोणी दाखवून दिलेलं नाही.

त्यांच्या कामातला आणखी एक भाग गॅलऱ्यांच्या गर्दीत मागे पडतो. सत्तरच्या दशकात बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं आली आणि मराठी मुलांची एक पिढी बेरीज-वजाबाकी हसत शिकली. प्रदर्शनाला न जाणाऱ्या, दिवाळी अंक विकत न घेणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या घरांतही ही चित्रं दप्तरातून शिरली. घरात पत्नी शकुंतला फडणीस स्वतः लेखिका. म्हणजे टेबलं दोन आणि डेडलाइनही दोन. फडणीसांनी आपल्या वाटचालीचं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘रेषाटन’.

या धंद्याचं पंचांग दिवाळीला बांधलेलं. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखक-चित्रकाराच्या वर्षाला एक सुगी मिळाली. संपादकांची पत्रं उन्हाळ्यात येतात, पावसाळाभर काम, गणपतीपर्यंत अंक छपाईला. ‘आवाज’सारख्या अंकांनी खिडकीचित्रांचा खेळ लोकप्रिय केला: वरच्या पानाला खिडकी कापलेली, तिच्यातून काहीतरी चावट दिसल्याचा भास, पान उलटलं की भलतंच साधं चित्र. अशी चित्रं काढताना दोन पानांचा मेळ मिलिमीटरमध्ये जुळवावा लागे. हसण्याची गोष्ट, पण मोजपट्टी घेऊन करायची. मानधन मात्र अंक विकून झाल्यावर, म्हणजे बऱ्याचदा संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर. काही संपादकांच्या लेखी तिळगूळ हेच मानधन.

म्हणून बहुतेकांनी नोकरी सोडली नाही. कोल्हापूरचे वसंत सरवटे (1927–2016) स्थापत्य अभियंते. सिमेंट कंपनीतली नोकरी त्यांनी निवृत्तीपर्यंत केली. ‘ललित’मधल्या जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ला चेहरा दिला तो सरवट्यांनी, पु. लं.ची पुस्तकं सजवली ती सरवट्यांनी, आणि व्यंगचित्रकलेवर मराठीत जे थोडं गंभीर लेखन आहे त्यातला मोठा वाटाही त्यांचाच. ‘परकी चलन’मधून त्यांनी परदेशी व्यंगचित्रकार मराठी वाचकाला दाखवले. हे सगळं कामाच्या वेळेबाहेर. नोकरीमुळे त्यांना एक चैन करता आली: जे पटलं नाही त्याला नाही म्हणता आलं. मुक्त माणसाला हा शब्द सर्वांत महाग पडतो.

उलट टोकाला बाळ ठाकरे. ‘फ्री प्रेस जर्नल’मधली व्यंगचित्रकाराची नोकरी सोडून त्यांनी ऑगस्ट 1960 मध्ये भावाबरोबर ‘मार्मिक’ काढलं. पुढे काय झालं हा वेगळा इतिहास. व्यंगचित्रकारांच्या इतिहासात ते एवढ्यासाठीच नोंदवायचं की स्वतःचं साप्ताहिक हाही नोकरी सोडण्याचा एक मार्ग होता.

सांगली जिल्ह्यातून चित्र आणि शब्द दोन्ही घेऊन निघालेला आणखी एक माणूस माडगूळचा. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी कोल्हापुरात चित्रकला शिकायला गेले होते. ‘माणदेशी माणसं’ त्यांनी शब्दांत काढली आणि स्वतःच्या लेखनासोबत रेखाटनंही केली. तेही पुढे पुण्यात आकाशवाणीच्या नोकरीत गेले. आटपाडीचा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला पगाराची किंमत सांगायला लागत नाही.

ऑफसेट आलं आणि जस्ताचे ठोकळे भंगारात गेले. संगणकावरच्या श्रीलिपीनं खिळेजुळाऱ्यांची जागा घेतली. 1991 साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला आणि रोजची चित्रपट्टी हा घरातल्या चहाइतका नेहमीचा प्रकार झाला; विनोद सुचण्यासाठी आठवडाभर थांबण्याची चैन तिथे नव्हती. किर्लोस्कर मासिकांचा जुना दरारा तोवर ओसरला होता. पुण्याला जाणारं चित्र पुठ्ठ्यात घालून रजिस्टर करायचं आणि चार दिवस जीव टांगणीला लावायचा, हे प्रकरण स्कॅनर आणि ईमेलनं संपवलं. आता तर टॅब्लेटवर काढलेल्या चित्राला मूळ प्रतच नसते, त्यामुळे मूळ चित्र विकून येणारे चार पैसेही गेले. याचा हिशेब तंत्रज्ञानाच्या कौतुकात सहसा धरला जात नाही.

कुपवाडमध्ये बसून काम करणाऱ्याला पत्त्यामुळे नडतं, असं आता राहिलेलं नाही. मजकूर मुंबईला, चित्र पुण्याला आणि एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीसाठी सुरक्षिततेचे तक्ते किंवा कॅलेंडर, असा दिवस एकाच टेबलावर मावतो. हेल्मेट न घालणारा कामगार हसू येईल असा पण अपमान होणार नाही असा काढणं, हे शंवाकिंच्या नांगराच्या जाहिरातीइतकंच नाजूक काम आहे. दैनिकांतली व्यंगचित्रकाराची कायम जागा मात्र आकसत गेली आहे. त्यामुळे आजच्या मुक्त चित्रकारांतले कित्येक हौसेनं मुक्त झालेले नाहीत.

कायदा त्यांच्या बाजूनं आहे, फक्त तो वाचायला हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि सही लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘एकदा चित्र दिलं की संपलं’ या समजुतीवर वर्षानुवर्षं कारभार चालत आला. करारात वर्षांचा आकडा मागणारा चित्रकार अजूनही आगाऊ ठरतो.

लेखकाच्या मृत्यूनंतर हे हक्क 60 वर्षं टिकतात. शंवाकि 1 जानेवारी 1975 रोजी गेले; त्यांची व्यंगचित्रं 2036 उजाडताच सर्वांना खुली होतील. ती छापायची तर चांगल्या प्रती हव्यात, आणि त्या शोधायच्या त्या याच भागातल्या जुन्या ग्रंथालयांत आणि घरांतल्या बांधीव अंकांत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगली नगर वाचनालयात शिरलं तेव्हा हजारो पुस्तकं भिजून गेली. जे वाचलं आहे त्याचं स्कॅनिंग पुढच्या पुराआधी व्हायला हवं, आणि ते काम कुपवाडमधला एखादा रेषालेखक पैसे घेऊन करू शकेल.