बारीच्या अलीकडे, बारीच्या पलीकडे

कसमादे पट्ट्यात खिंडीला कोणी खिंड म्हणत नाही. बारी म्हणतात. नाशिकहून देवळ्याला येताना भावडबारी लागते, ताहाराबादहून पिंपळनेरकडे उतरताना सेलबारी, आणि इतिहासाच्या पुस्तकात कांचनबारी. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार नावांची आद्याक्षरं जोडून झालेला हा ‘कसमादे’. नकाशावर पाहिलं तर देवळा दोन डोंगररांगांच्या मधोमध बसलंय. दक्षिणेला सातमाळा, उत्तरेला सेलबारी-डोलबारी आणि दोन्हींच्या मधून गिरणा. कुठंही जायचं म्हटलं की एक तर बारी चढायची, नाही तर नदी ओलांडायची.

तरीही पर्यटनाच्या यादीत देवळा नाही. बाहेरची गाडी पाच कंदील चौकात थांबते, चहा पिते, वणीचा रस्ता विचारते आणि निघून जाते. पाहुण्यांचा तरी काय दोष? आपल्यालाच कोणी ‘इथं बघण्यासारखं काय?’ असं विचारलं, की आपण कांद्याच्या चाळी दाखवतो.

मी पाहुण्यांना आधी धोडप दाखवतो, तोही गावातूनच. नैर्ऋत्येला नजर टाकली की सातमाळेच्या ओळीत एक डोंगर इतरांसारखा दिसत नाही. माथ्यावर गोलसर कातळाचा टोप, त्याच्या बाजूला लांबच लांब सरळ भिंत, आणि त्या भिंतीत करवतीनं कापून काढावी तशी चौकोनी खाच. एकदा ओळख पटली की सातमाळेत कुठूनही तो सापडतो. रस्ता चुकलेल्याला धोडप दिसला की दिशा कळते.

ही भिंत कोणी बांधलेली नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आपले बहुतेक डोंगर त्या आडव्या थरांचे, म्हणून लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. पण काही ठिकाणी त्या थरांना उभी भेग पडली, खालून नवा रस वर चढला आणि भेगेतच थिजला. आजूबाजूचा दगड ऊनपावसानं झिजून गेला, भेगेतला टणक दगड मागे राहिला. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. हा रस दोन्ही बाजूंच्या कातळाला टेकून थंड होतो, त्यामुळे त्याला पडणाऱ्या चिराही आडव्या असतात. अशी भिंत जवळून पाहिली तर सरपणाची मोळी रचून ठेवल्यासारखी वाटते. चिरा रुंदावत गेल्या की मोळीतली लाकडं निसटावीत तसे दगड सुटतात. खाचही अशीच पडली असणार.

पायथ्याचं गाव हट्टी. वडाळीभोईवरून गाडीरस्ता आहे. गाव सोडलं की चढ, मग सोनारवाडीची माची, मग कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि दरवाज्यापाशी फारसी शिलालेख. वर पाण्याची टाकी आहेत, पडक्या वाड्याच्या भिंती आहेत. टोपाच्या पोटात गुहा आहे, गुहेत देवी. तिथून भिंतीच्या माथ्यावरून चालत खाचेपर्यंत जाता येतं आणि वाट तिथंच संपते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा श्रावण होता. ढग दक्षिणेकडून येत होता, खाचेतून घुसत होता आणि पलीकडे पडताना विरून जात होता. खाली बसून भिंतीवर हात ठेवला तर दगड थंडगार आणि खरखरीत. बरोबरचा भाचा पाण्याची बाटली उलटी करून दोन्ही बाजूंना पाणी ओतत बसला होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे, की सातमाळा ही पाणी वाटून देणारी रांग. दक्षिण उतारावरचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं, उत्तरेचं गिरणेतून तापीला आणि तिथून अरबी समुद्राला. अर्धा लिटर बाटलीत दोन समुद्र!

१७६८ साली याच गडाखाली थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला आणि काकांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. गडावर त्याची खूण शोधू नये, सापडत नाही.

असा डोंगर एखाद्या गावाला काय देऊ शकतो, हे बघायला जरा लांब जाऊ. कॅरिबियन समुद्रात सेंट लुशिया नावाचं बेट आहे. तिथले पिटॉन नावाचे दोन सुळकेही ज्वालामुखीचीच देणगी. २००४ पासून ते जागतिक वारशात आहेत. सुफ्रिएर हे लहानसं गाव त्यांच्या सावलीत पर्यटकांवर जगतं, देशाच्या झेंड्यावरचे त्रिकोणही त्यांचेच. मोठा पिटॉन समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आतच. पायथ्याशी निळा समुद्र आहे, हे मान्य. पण त्या लोकांनी डोंगराची ओळख स्वतःहून जगाला करून दिली, हेही खरं.

धोडपच्या शेजारी कांचना. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून परतताना ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज इथूनच बारी उतरत होते आणि मोगल सरदार दाऊदखान कुरेशी आडवा आला. सुरतेची दौलत पुढं काढून देऊन महाराज स्वतः मागे लढायला थांबले. उघड्या मैदानात त्यांनी जातीनं लढलेल्या थोड्या लढायांपैकी ही एक. चांदवडला गेलात तर अहिल्याबाईंचा रंगमहाल आणि रेणुकामाता बघून याच बाजूनं परत या, म्हणजे रस्त्यातल्या बारीचा अर्थ लागतो.

आता उत्तरेला. लोहोणेरला गिरणा लागते, पलीकडे ठेंगोड्याचा सिद्धिविनायक. चतुर्थीला घाटावर पाय ठेवायला जागा नसते, एरवी दुपारी तुम्ही, नदी आणि कपडे धुणाऱ्या दोन बाया. सटाण्यात देवमामलेदारांचं मंदिर आहे. मंदिरं राजांची आणि संतांची असतात, हे मात्र एका सरकारी अंमलदाराचं. मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना उघडून एक लाख सत्तावीस हजार रुपये लोकांना वाटले. मार्गशीर्षात त्यांची यात्रा भरते. महसूल खात्यात असं उदाहरण पुन्हा झाल्याचं ऐकिवात नाही.

ताहाराबादनंतर डावीकडे मुल्हेर. या मुलखाचं बागलाण हे नावच ज्या बागुल राजांवरून पडलं त्यांची ही राजधानी. इथंच रुद्रकवीनं १५९६ साली राजघराण्याचा इतिहास संस्कृत काव्यात लिहिला. कोजागरीला गावात उद्धव महाराजांच्या समाधीपाशी रास होतो, रात्रभर. गड बघायचा असेल तर तो दिवस धरून जा.

आणि साल्हेर. देवळ्यातून साठ-सत्तर किलोमीटर. उंची १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. शिखरांत याच्या वर फक्त कळसूबाई. फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी पायथ्याला मोगली फौज मोडली. सूर्याजी काकडे इथंच पडले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यात साल्हेर आहे. म्हणजे पिटॉनच्या पंक्तीत आपणही बसलो. वाघांबे किंवा साल्हेरवाडीतून चढा. वर गंगासागर तलाव आहे, माथ्यावर परशुरामाच्या पादुका. इथूनच बाण सोडून परशुरामानं समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं, असं सांगतात. स्वच्छ हवेत वरून डोंगराच्या ओळी मोजताना ही कथा मला फार पटते, उतरल्यावर कमी.

वणीची सप्तशृंगी मी मुद्दाम मागे ठेवली. तिथं २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, वाट दाखवायला माणूस लागत नाही. पण चैत्रात एक दिवस देवळ्यातच रस्त्याकडेला उभं राहा. खान्देशातून पायी आलेली माणसं कळवणकडे जात असतात. खांद्यावर भगवं निशाण, पायाला फडकी, तोंडाला फेस, आणि डफाचा ठेका सुटत नाही. गावोगाव त्यांना सरबत आणि टरबुजाच्या फोडी मिळतात. देवीचं दर्शन गडावर आणि भक्तांचं आमच्या चौकात.

जायचं कधी? पाऊस उघडल्यापासून माघापर्यंत. आषाढ-श्रावणात पायऱ्यांवर शेवाळ असतं, कातळातला चढ त्या दिवसांत नवख्यानं टाळावा. उन्हाळ्यात टाक्यांचं पाणी उतरतं, दोन लिटर जवळ ठेवा. कड्यांना आग्यामोहळं लटकलेली असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा, तिन्ही नको. रिसॉर्ट नाही. लॉजवर झोपा, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खा. हट्टीत गाडी लावताना घरातल्या कोणाला तरी सांगून ठेवा, ‘वर चाललोय, अंधाराआधी उतरतो’. उतरल्यावर परत त्यांच्या ओट्यावरून जा. ते वाट बघत बसलेले असतात.