ताण कधी तोडायचा

डिसेंबरच्या अखेरीस जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी किंवा बदनापूर तालुक्यातून जाताना रस्त्याकडेच्या मोसंबीच्या बागा बघून परगावचा माणूस हळहळतो. पानं मलूल, कडा आत वळलेल्या, हिरव्यावर पिवळट झाक. झाडाखाली गळलेल्या पानांचा पाचोळा. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधाला ठेवलेल्या. शेजारच्या विहिरीत पाणी दिसतं, त्याच पाण्यावर गहू-हरभरा तरारलेला असतो आणि बाग मात्र कोरडी. विचारलं तर मालक एवढंच सांगतो, ‘ताणावर सोडलीय.’

जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून फळाच्या गोडीबद्दल, रसाबद्दल, पातळ सालीबद्दल बरंच लिहिलं-बोललं गेलं. ते सगळं खरं आहे. पण या फळामागचं मोठं कसब मला वाटतं या दीड-दोन महिन्यांच्या कोरडेपणात आहे. झाडाला जाणूनबुजून तहानेलं ठेवायचं, मरू द्यायचं नाही, आणि नेमक्या दिवशी पाणी सोडून सगळी बाग एकदम फुलवायची. याला बहार धरणं म्हणतात. जिल्ह्यातल्या बागायतदाराची खरी परीक्षा इथे होते.

थंड मुलखात हे काम हवामान करतं. जर्मनीत ऑगस्टच्या अखेरीपासून लांबट, निळसर-जांभळे प्लम बाजारात येतात. त्यांना तिकडे त्स्वेच्गे म्हणतात. बी गरापासून अलगद सुटतं, म्हणून फळाचे उभे काप करून ते यीस्टने फुगवलेल्या कणकेवर ओळीने दाटीवाटीने खोचायचे आणि भाजायचे, अशी तिथली प्लम टार्टची जुनी रीत. बव्हेरियात त्याला दाच्ची म्हणतात आणि आउग्सबुर्ग शहर त्यासाठी नावाजलेलं आहे. सप्टेंबर संपला की हा पदार्थही हळूहळू मागे पडतो. प्लमच्या झाडाला हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसच्या खाली शेकडो तास काढावे लागतात. तेवढी थंडी पुरी झाल्याशिवाय त्याची झोप नीट मोडत नाही आणि कळ्या सरळ फुटत नाहीत. जालन्यात डिसेंबरची पहाट फार तर दहा-बारा अंशांवर येते, क्वचित एखाद-दुसरी रात्र त्याखाली जाते. म्हणून इथे प्लम लागत नाही. उन्हाळ्यात आपल्या गाड्यांवर येणारा आलुबुखार हिमाचलचा, त्यातही बराचसा सांता रोझा जातीचा. तो गोल, लाल, पाणीदार आणि गर बीला चिकटलेला. जर्मनीत राहून आलेल्या कुणाला इथे टार्ट करायचा असेल तर मे ते जुलै हाच मोसम. फळाचा महिना हिमाचलच्या थंडीने ठरवलेला असतो.

मोसंबीला इतकी थंडी लागत नाही. पण तिलाही फुलायला काहीतरी थांबा लागतो. नुसतं खतपाणी मिळत राहिलं तर झाड वाढतच राहतं, पानांवर पानं काढतं, आणि वर्षभर इथे चार, तिथे सहा अशी तुरळक फुलं येत राहतात. अशा फळांना ना व्यापारी येतो ना गाडी भरते. पाणी तोडलं की वाढ थांबते. पानांनी तयार केलेलं अन्न नव्या पालवीवर खर्च न होता फांद्यांत साठत जातं आणि त्या साठ्याच्या जोरावर डोळ्यांचं फुलांत रूपांतर होतं. मग पाणी मिळालं की नवी पालवी आणि फुलं एकत्र बाहेर पडतात. दुपारी बागेत शिरलं तर वास अंगावर येतो, आणि मधमाश्यांचा आवाज बांधापासूनच ऐकू येतो.

ताण किती दिवस द्यायचा, हे जमीन सांगते. हलक्या, मुरमाड रानात महिन्याभरात झाड टेकीला येतं. मध्यम जमिनीत दीड महिना, भारी काळ्या रानात दोन महिनेही लागतात, कारण काळी माती खालून ओल सोडत राहते. अशा रानात ताण बसेना तर क्लोरमेक्वाट क्लोराईडची फवारणी करून वाढ रोखतात. पण निर्णय दिनदर्शिकेवर होत नाही. पानांचा रंग, सकाळच्या वेळी त्यांची टवटवी परतते की नाही, गळ किती झाली, हे पाहून होतो. साधारण पंचवीस-तीस टक्के पानं गळली की ताण पुरेसा बसला असं धरतात. चार दिवस आधी पाणी सोडलं तर पालवी जास्त, फूल कमी. उशीर केला तर शेंड्याकडून फांद्या वाळायला लागतात आणि त्याची किंमत पुढची दोन-तीन वर्षं मोजावी लागते.

ताण तोडण्यालाही पद्धत आहे. आधी सल काढायची, म्हणजे वाळलेल्या, रोगट फांद्या छाटायच्या. हलकी वखरणी, आळी बांधणं, शेणखत. नत्राची अर्धी मात्रा आणि स्फुरद-पालाश पूर्ण. खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट. मग पहिलं पाणी अगदी बेताचं, त्याला आंबवणी म्हणतात. काही दिवसांनी दुसरं, जरा जास्त, ते चिंबवणी. त्यानंतरच भरपूर पाणी. तहानलेल्या मुळांना एकदम पाणी पाजलं तर फुलं गळून जातात. पाणी खोडाला लागू न देण्यासाठी दुहेरी आळं करतात, नाहीतर डिंक्या रोग साल फोडून बाहेर येतो.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीत झालं की तो आंबे बहार. फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळ ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. थोडीफार थंडीही मदतीला असते, त्यामुळे ताण बसण्याची खात्री जास्त. मृग बहारासाठी बाग एप्रिल-मेच्या उन्हात कोरडी ठेवायची आणि जूनच्या पावसाने ताण तोडायचा. ते फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतं. तिसरा हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांचा, पण भर पावसाळ्यात रान कोरडं ठेवायचं कसं, म्हणून तो फार थोड्यांना साधतो.

कोणता बहार धरायचा हा प्रश्न दिसतो बाजाराचा, असतो मात्र पाण्याचा. आंबे बहाराचं फळ झाडावर पोसलं जातं ते मार्च, एप्रिल, मेमध्ये, म्हणजे विहिरी तळ गाठतात तेव्हा. त्या दिवसांत पाणी कमी पडलं की लिंबाएवढी फळं आळ्यात पडतात. मृग बहाराला उन्हाळ्यात पाणी लागतच नाही, उलट नको असतं. म्हणून ज्याची विहीर मार्चमध्ये आटते त्याने मृगाकडे वळावं, हा जुना शहाणपणा. पण मृगात पाऊस तीन आठवडे लांबला की ताण तोडायला हातात काहीच नसतं. दोन्हीकडे गणित एकाच ठिकाणी येतं. ताण देण्याचा हक्क त्यालाच, ज्याच्याकडे तो तोडायला पाणी आहे.

2012च्या पावसाने दगा दिला आणि 2013च्या उन्हाळ्यात जालना राज्यातल्या सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. बागांना टँकरने विकतचं पाणी घातलं गेलं. कुणी सगळी फळं तोडून टाकून नुसतं झाड वाचवायचा प्रयत्न केला, कुणी फांद्या छाटल्या, बुंध्याशी पाचट पसरलं. तरी हजारो झाडं उभ्या उभ्या वाळली आणि शेवटी करवतीखाली गेली. मोसंबीला लागवडीनंतर पैसा देण्याजोगं फळ यायला पाच वर्षं लागतात. बाग गेली म्हणजे केलेला खर्च गेला आणि पुढची पाच वर्षंही गेली. मुलांची शिक्षणं, लग्नं त्या बागेच्या भरवशावर ठरलेली असतात. ज्या जिल्ह्याची ओळख या फळावर सांगितली जाते, तिथे झाड जगवण्यापुरतं पाणी राखून ठेवण्याची व्यवस्था अजूनही प्रत्येकाने आपापली करायची, हे मला मान्य होत नाही.

ती व्यवस्था होऊ शकते, याचा दाखला जालना तालुक्यातच आहे. कडवंचीत नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, समतल चर आणि नाल्यांवरचे बांध झाले. पैसा जर्मन सरकारचा, नियोजन नाबार्डचं, गावात राबणारी संस्था खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र, आणि श्रमदान गावकऱ्यांचं. पुढे गावाने शेततळी खोदली आणि द्राक्षं लावली. द्राक्षवेलीचीही गोष्ट तीच. युरोपात ती थंडीने झोपते, इथे झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी करून माणूस तिचा मोसम ठरवतो. 2012च्या दुष्काळातही कडवंचीच्या बागा टिकल्या. पाणी आधी अडवलेलं होतं म्हणून कात्री चालवायची हिंमत होती.

मोसंबीकडे परत येऊ. ताण, फूल, उन्हाळा हे सगळं पार पडलं तरी ऑगस्टमध्ये रस शोषणारा पतंग येतो. संध्याकाळी अंधार पडता पडता तो पिकत आलेल्या फळाला सोंड खुपसतो, तिथे बुरशी शिरते आणि फळ गळतं. त्याची अळी मोसंबीवर वाढत नाही, बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. जाणते शेतकरी म्हणून पावसाळ्यात बांध फिरून या वेली काढतात, पडलेली फळं वेचून पुरतात आणि तिन्हीसांजेला बागेत धूर करतात. एकट्याने करून उपयोग नाही, शेजाऱ्याचा बांधही तसाच साफ लागतो.

अलीकडे नवी अडचण आहे ती डिसेंबर-जानेवारीतल्या अवकाळी पावसाची. चाळीस दिवस ताण देऊन बाग टेकीला आणायची आणि आभाळाने एका रात्रीत तो तोडायचा, तोही खतं न टाकता, आळी न बांधता. मग मिळालेल्या ओलीवरच धावपळ करून खत द्यायचं की पुन्हा ताणावर सोडायचं, हे दोन दिवसांत ठरवावं लागतं. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रातून मिळणारा सल्ला, रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली न्यूसेलर मोसंबीची कलमं, शेततळ्याचं अस्तर, या सगळ्यांनी मदत होते. पण ढग बघून निर्णय घेणारा बागवान एकटाच असतो. व्यापारी बाग उक्ती घ्यायला येतो तेव्हा तो फळाचा आकार, रंग आणि अंदाजे टन पाहतो. बहार फुटला तो कुणाच्या नजरेने आणि किती दिवसांच्या धीराने, हे त्या सौद्यात कुठेही धरलं जात नाही. ते धरलं जावं असं वाटत असेल तर बागेत ऑगस्टच्या आधी, डिसेंबरात जायला हवं.