उरणला लोकल आली, फेऱ्या कधी वाढणार?

उरणकरांना मुंबई समोर दिसते, पण तिथे पोहोचणे कधी सोपे नव्हते. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच आहे. मोठी ओहोटी असली की बंदरातल्या गाळामुळे ती खोळंबते, आणि पावसाळ्यात धोक्याचा बावटा लागला की बंदच. रस्त्याने जावे तर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग. कॉलेजला गेलेल्या मुलीची अम्मी मगरिबनंतर दाराकडेच डोळे लावून बसायची.

१२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण हा टप्पा सुरू झाला आणि नेरुळ-बेलापूर-उरण हा सुमारे २७ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. खारकोपरपर्यंत गाडी २०१८ च्या नोव्हेंबरातच आली होती. पुढच्या तुकड्याला पाच वर्षे लागली. खर्चात सिडकोचा वाटा ६७ टक्के, रेल्वेचा ३३.

पण खरी किंमत इथल्या माणसांनी त्याआधीच मोजली आहे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर आगरी, कोळी, कराडी आणि कोकणी मुसलमान पिढ्यान् पिढ्या जगले. १९७० पासून नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, ५ जण ठार झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून मिळाला. आज डब्यात शेजारी बसलेल्या मुलांना हे कुणी सांगितलेले असते का, अशी आम्हांला शंका येते.

लोकलने घरातली गणिते बदलली हे खरे. नेरुळ-वाशीच्या कॉलेजात मुलीला घालायचे म्हणजे नातेवाइकांकडे ठेवायचे, असे आता राहिले नाही. महिलांच्या डब्यात बुरख्यातली विद्यार्थिनी आणि मासळीची पाटी घेतलेली कोळीण एकाच बाकावर दिसतात.

अडचण वेळेची आहे. सुरुवातीला गाड्या जवळजवळ तासाला एक अशाच होत्या. मुंबईहून येणाऱ्याला नेरुळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते. हार्बरची लोकल पाच मिनिटे उशिरा आली की उरणची निघून गेलेली असते, आणि रोजेदाराचा इफ्तार फलाटावरच होतो. शिवाय स्टेशनपासून मोहल्ल्यापर्यंतच्या रिक्षाला लोकलच्या तिकिटापेक्षा जास्त पैसे पडतात. फेऱ्या वाढवा, आणि प्रत्येक गाडीला जोडून गावात जाणारी बस द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्यांच्या शेतांतून रूळ गेले, त्यांनी हे मागणे जास्तीचे नाही.