कोरड्या तळहाताचे मोल

उत्तरपत्रिकेवर रुमाल अंथरून त्यावर मनगट टेकवणारा विद्यार्थी आणि दस्तऐवजावर सही करताना शाई फुटेल या धास्तीने संकोचणारा कारकून यांची व्यथा ‘घाम तर सर्वांनाच येतो’ एवढ्या बोलाने वासलात लावण्याजोगी खचित नाही. कारण हवेतील उष्म्याशी प्रमाण न राखता पाझरणारा हा अतिस्वेद मनाचा दुबळेपणा नसून, स्वेदग्रंथींना हुकूम सोडणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेच्या अतिरेकी उत्तेजनाचा परिणाम होय.

या चेतासंस्थेची छातीतील चेतासाखळीच छेदावी, हा उपाय अतिस्वेदावर 1920 साली कोत्झारेफ या शल्यविशारदांनी प्रथम योजला. आज त्यासाठी छाती उघडावी लागत नाही. संपूर्ण भूल देऊन काखेत एक-दोन लहान छेद घेतात, फुप्फुस काही काळ आक्रसू देतात आणि दुर्बिणीतून बरगड्यांच्या मुळांवरून उतरणारी पांढुरकी चेतासाखळी तिसऱ्या वा चौथ्या बरगडीपाशी विद्युत्प्रवाहाने छेदतात किंवा क्लिप लावून दाबतात. पुष्कळदा रुग्ण शुद्धीवर येण्यापूर्वीच त्याचा तळहात उबदार आणि कोरडा झालेला असतो.

परंतु या यशाची किंमत शरीर अन्यत्र वसूल करते. पाठ, पोट व मांड्या यांतून भरपाईचा घाम येऊ लागतो. बहुतेकांना तो सुसह्य असला, तरी काहींना मूळ व्याधीहून अधिक जाचतो आणि क्लिप काढल्यानेही तो थांबेलच अशी हमी नसते. छेद जितका वरच्या बरगडीवर, तितकी ही भीती अधिक. म्हणून चौथ्या बरगडीवर छेद घेऊन तळहाताचा किंचित दमटपणा पत्करणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. क्वचित पापणी कायमची उतरते, तर कधी छातीत हवा साचते. घाम केवळ काखेचाच असेल, तर चेतासाखळीस हात न लावता तेथील ग्रंथी खरवडून वा शोषून काढता येतात.

यास्तव थायरॉईडसारखा मूळ विकार नाही याची खातरजमा करून ॲल्युमिनियम क्लोराइडचा लेप, पाण्यातून दिला जाणारा सौम्य विद्युत्प्रवाह, पोटात घ्यायची औषधे आणि काही महिने गुण देणारी बोटुलिनमची इंजेक्शने आधी अजमावावीत. त्यानंतरही शस्त्रक्रियेची तजवीज करावयाची झाल्यास, छेद कोणत्या बरगडीवर घेणार आणि भरपाईच्या घामाचा संभव किती, याचे स्पष्ट उत्तर शल्यविशारदाकडून मिळाल्याखेरीज संमतिपत्रावर सही करू नये.