ओसरीवरची तीनचाकी

जानेवारीत एका संध्याकाळी अक्काच्या घरी तिळगूळ द्यायला गेले, तर ओसरीवर तिची तीनचाकी सायकल उभी होती. सीटवर दोन परकर वाळत घातलेले, हँडलला लसणाची जुडी टांगलेली आणि मागच्या चाकाला टेकवून ठेवलेली केरसुणी. सीटवरचं प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा कुणी काढलं नव्हतं. ही सायकल मिळून चार महिने झाले होते. ती मिळवून देण्यासाठी तहसीलदार कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याकरिता हेलपाटे मी घातले होते. शिबिरात हारतुऱ्यांसकट फोटो निघाला, त्यात अक्काच्या मागे हसत उभी असलेली मीच होते. खोटं कशाला बोलू, मला आधी तिचाच राग आला. मग घरी येऊन पोळ्या लाटता लाटता लक्षात आलं की फोटोनंतर मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, ‘अगं, जमतंय का चालवायला?’

अक्काचं नाव सांगत नाही. गल्लीतली पोरं अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वय अडतीस. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. फार मोठी गोष्ट आहे ती. पण त्याआधी पोलिओ झालेल्या बायका आता तिशी-चाळिशीत आहेत, त्यांचं कोण मोजतंय? अक्का घरात हातांवर सरकत फिरते, स्वयंपाक करते. साड्यांना फॉल इतका सुबक लावते की टाका दिसत नाही. साड्या आणायचं-पोचवायचं काम भाच्याकडे. दवाखान्याला जायचं तर भाऊ पाठुंगळी घ्यायचा. लहानपणी ठीक होतं. “आता दादाला दम लागतो, वैनी. मला मेल्याहून मेल्यागत होतं,” असं ती एकदा म्हणाली होती.

मग सायकल ओसरीवर का? दुसऱ्या दिवशी जाऊन सरळ विचारलं. आधी म्हणाली, “लोकं बघत्यात.” मग म्हणाली, “चढताना ती मागं पळती.” आणि शेवटी हळूच, “मी डावखुरी हाय, वैनी.”

मी कपाळावर हात मारला. हाताने चालवायची ही सायकल एका बाजूने चालते. एका हाताने कडेचं पेडल गोल गोल फिरवायचं, ते साखळीने मागचं चाक ओढतं. दुसऱ्या हाताने दांडा धरून पुढचं चाक वळवायचं, ब्रेकही त्याच हाताला. उजव्या हाताची वेगळी मिळते, डाव्या हाताची वेगळी मिळते. शिबिरात माप घेताना कुणी विचारलं नाही, ती लाजून बोलली नाही, आणि मी तर शेजारीच उभी होते! बदलून मागायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा शिबिर, पुन्हा वाट बघणं. अक्काच म्हणाली, “राहू दे. हात काय, शिकंल.”

आमचा क्लास सुरू झाला पहाटे साडेपाचला, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर. त्या वेळी तिथे फक्त दोन कुत्री आणि चालायला येणारे एक निवृत्त मास्तर. आधी एक आठवडा नुसतं चढणं-उतरणं. गाडी उभी करून ठेवायचा ब्रेक त्या सायकलला नाही. त्यामुळे अक्काने ओट्यावरून सीटवर अंग टाकलं की गाडी मागे सरकायची आणि ती मधल्या फटीत. यावर उपाय निघाला दोन विटांचा. दोन्ही मागच्या चाकांमागे वीट, आणि विटांना सुतळी बांधलेली. बसून झालं की सुतळी ओढायची, विटा पायाशी घ्यायच्या. ही युक्ती तिच्या आईची. म्हातारी आधी “पोरगी पडंल” म्हणून माझ्याशी बोलत नव्हती.

आपल्याला वाटतं तीन चाकं म्हणजे पडायची भीती नाही. मी दोनचाकी चालवलेली बाई, मीही एक चक्कर मारून पाहिली आणि मैदानाच्या कठड्यावर गेले. दोनचाकी वळताना आपण अंगानेच कलतो, हातांना फार काम नसतं. ही मुळीच कलत नाही. जोरात वळवली तर आतल्या बाजूचं मागचं चाक उचललं जातं आणि गाडी बाहेर कलंडते. म्हणून वळणाआधी वेग कमी करायचा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं. ओढ एकाच चाकाला, त्यामुळे पेडल जोरात मारलं की गाडी डावीकडे जाते, दांडा सतत थोडा उजवीकडे धरावा लागतो. रस्ता कडेला उतरता असेल तर तीही ओढ वेगळी. खड्डा चुकवायचा तर एका चाकाचा नाही, तीन चाकांचा हिशेब. पुढचं चुकतं आणि मागचं बरोब्बर त्यात जातं. शिवाय पेडल उलटं फिरवून गाडी मागे येत नाही. बोळात अडकलं की हातांनी मागच्या चाकांच्या कडा धरून रेटायचं. हे सगळं कुठल्या कागदावर लिहून मिळालं नव्हतं. अक्का रोज एक गोष्ट शोधायची आणि मला सांगायची.

पहिले पंधरा दिवस उजवा खांदा इतका दुखला की फॉल लावायचं काम बंद. गरम पाण्याचा शेक आणि दहा मिनिटं चालवली की पाच मिनिटं थांबायचं, असा नियम केला. सीटवर जुन्या लुगड्याची गोधडी चौघडी करून टाकली, तेव्हा जरा उंची आली आणि पेडल छातीला लागायचं थांबलं. महिन्याभराने मैदानाला सलग सहा फेऱ्या झाल्या. पदर साखळीत अडकून एकदा चांगला फाटला, मग ती पंजाबी ड्रेस घालू लागली. त्यावरून घरात जे काही झालं ते झालं.

एक ऐकीव नाही, खरी गोष्ट. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गमध्ये स्टीफन फार्फलर नावाचा घड्याळजी होता, पायांनी अधू. त्याने १६५५ च्या सुमारास स्वतःसाठी हाताने फिरवायची तीन चाकांची गाडी बनवली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातली गोष्ट! ज्याला बसायचं होतं त्यानेच बनवली. आता परदेशात धडधाकट माणसंही पाठ टेकून, पाय पुढे पसरून तीनचाकी चालवतात, हौसेने. अक्काला सांगितलं तर म्हणाली, “त्यांच्याकडं रस्तं असत्यात.”

आमच्याकडे रस्त्याआधी घरचाच प्रश्न. ओसरीला दोन पायऱ्या. उतरण करायची तर एक हात जागा बोळात येत होती. शेजाऱ्यांनी हरकत घेतली. तिथे मी समाजसेविका म्हणून भाषण द्यायला गेले आणि काम बिघडवून आले. शेवटी अक्काच्या आईने त्यांच्या सासूबाईंशी पाटावर बसून बोलून ते मिटवलं. गवंड्याने पहिली उतरण इतकी उभी केली की गाडी सरळ समोरच्या भिंतीवर जायची. फोडून पुन्हा केली. मैत्रिणींनो, उतरण करायची असेल तर पायरीच्या उंचीच्या निदान बारा पट लांबी धरा. एक फूट उंचीला बारा फूट. तेवढी जागा नव्हती, म्हणून आम्ही ती ओसरीच्या कडेने भिंतीलगत वळवून घेतली.

मार्चमध्ये ती पहिल्यांदा एकटी बाजारात गेली. मी मागून लांबून चालत होते, तिला न सांगता. पेठेच्या उताराला वळताना व्हायचं तेच झालं. चाक उचललं, गाडी कलंडली, साड्यांची पिशवी गटाराच्या काठावर. मी पोचेपर्यंत चार माणसांनी तिला काखेत हात घालून उचललं होतं. कोपर सोललं होतं. रडली ती, पण पडली म्हणून नाही. “विचारलं न्हाई कुणी. गोणी उचलल्यागत उचललं,” म्हणाली. तेव्हापासून तिचा नियम आहे, आधी विचारायचं. मागून ढकलू लागणाऱ्या पोरांनाही ती थांबवते, कारण न सांगता धक्का बसला की हातातला दांडा हिसकतो. चढावर मात्र ती स्वतःच हाक मारते. गिअर नसलेली गाडी, पेठेचा चढ एका हाताला झेपत नाही.

साड्यांच्या दुकानात ती स्वतः गेल्यावर कळलं की दुकानदार गिऱ्हाइकाकडून फॉलचे किती घेतो. भाच्याला ते कधी विचारायचं सुचलं नव्हतं. आता तिला साडीमागे दहा रुपये जास्त मिळतात.

बँकेला मात्र अजून तीन पायऱ्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारती सगळ्यांना जाता येईल अशा करायला सांगितल्या आहेत, त्यालाही मुदत होती. आम्ही अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. तोवर शिपाई बाहेर येऊन तिची सही नेतो. ती दर वेळी त्याला विचारते, “कधी व्हनार?” तो दर वेळी हसतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ मी तिला वाचायला दिलं होतं. अर्धं झालंय, म्हणते आता वेळ मिळत नाही. गेल्या आठवड्यात मागचा टायर बदलावा लागला. झिजून गुळगुळीत झाला होता. सायकलवाला पैसे घेईना, तर तिने ते त्याच्या पेटीवर ठेवले आणि निघाली.

पुढच्या महिन्यात पुन्हा मोजमापाचं शिबिर आहे. यादीत शेजारच्या वाडीतल्या दोघी आहेत. अक्का म्हणाली, मी येते बरोबर. कुठला हात चालतो ते आधी विचारायचं, विटा कशा लावायच्या ते दाखवायचं. “आणि वैनी,” ती म्हणाली, “फोटोच्या वेळी तुम्ही जरा कडंला ऱ्हावा.”